सुजूला परत आणायला गेलो त्याची गोष्ट

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आले म्हटलं की पुण्यात प्रत्येक जण एकच विचारतो, "वाघ दिसला का?" मी ताडोब्यात मोहर्लीच्या जिप्सीत बसून मजा करायला गेले होते अशी सगळ्यांची समजूत. माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावचं. आमच्याकडे वाघ धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, येतो. त्याला बघायला कोणी जात नाही, तो आल्याचं कळलं की बायका दुपारीच घरी परततात. मी गेले होते माझ्या धाकट्या बहिणीला परत आणायला. ती आली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा तरी जीव टांगणीला लागायला नको.

सुजाता, म्हणजे घरातली सुजू, नागपूरच्या एका मोठ्या खाजगी इस्पितळात अतिदक्षता विभागात सिस्टर होती. नवीन डॉक्टर तिला घाबरायचे. उन्हाळ्यात तिने राजीनामा दिला, नागपूरची खोली सोडली आणि गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गोंड गावात जाऊन राहिली. तिथल्या पुजाऱ्याच्या हाताखाली झाडपाल्याची औषधं शिकायला. पुजारी म्हणजे देवळातला नव्हे. गावचा देव, गावचं औषध आणि कुणाला काही लागलं-लागीर झालं तर ते, ही तिन्ही खाती तिकडे एकाच माणसाकडे असतात. गावाचं नाव लिहीत नाही. सुजूनेच बजावलं आहे, "लिहिलंस तर पुण्याहून गुडघेदुखीवाले येतील."

मूल

मूलला उतरले तेव्हा राइस मिलच्या कोंड्याचा तो जुना वास आला आणि थोडं बरं वाटलं. ते बाबांच्या दारापर्यंतच टिकलं.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. आता पंचाहत्तरीला आले आहेत, पण आवाज अजून खांबावरून खाली हाक मारल्यासारखाच. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"माह्या बापानं छप्पन साली घरातले सगळे देव टोपल्यात भरून तळ्यात टाकले. मी मांगं मांगं गेलो होतो, इतकासा होतो. अन् माही पोरगी तेच देव काढाले गेली!"

"बाबा, पाणी तरी घेऊ द्या."

"घे. पाणी घे. पाण्यावर माहा राग नाई."

आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाकी काही नाही. अंगात येणं, उतारा, लिंबू, असला शब्द जरी कुणी काढला तरी बाबा उठून जायचे. सुजू नर्स झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या वस्तीला जेवण घातलं होतं. त्यांच्या लेखी ती नोकरी नव्हती, आमच्या घराण्याने अंधारावर मिळवलेला विजय होता. आणि आता विजयी वीर जंगलात साली सोलत बसला होता.

संध्याकाळी त्यांनी पोपटाच्या शेंगांची भाजी आणि भात केला. पुण्यात या शेंगा मिळत नाहीत. ज्या मिळतात त्यांना लोक वाल म्हणतात आणि त्यात गूळ घालतात. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते तेव्हा बाबा म्हणाले, "उद्या निघू. मी पन येतो. तू एकटी गेली तर ती तुले पटवून टाकंन."

मला पटवायला काय मी लहान आहे? पण बोलून उपयोग नव्हता. त्यांनी मारुती ओमनीच्या रेडिएटरमध्ये पाणी भरून ठेवलं होतं.

मूल ते धानोरा

ही ओमनी बाबांनी निवृत्तीनंतर घेतली. तिचं बाजूचं सरकतं दार अडकतं आणि दुसरा गिअर स्वतःच्या मर्जीने पडतो. बाबांच्या डोळ्यांना आता लांबचं नीट दिसत नाही म्हणून चालवायचं मी, आणि शिकवायचं त्यांनी.

सावली गावापर्यंत दोन्हीकडे कापलेली बांधी आणि धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या पिकाचे ढीग, रचलेले. बाबा पुंजण्यांकडे बघत नव्हते. ते खांब बघत होते. "हा मी उभा केला. हा तिरपा झाला, काऊन झाला असंन? तानाची तार द्याले पायजे होती." वैनगंगेच्या पुलावर खांब नव्हते, तेवढा वेळ शांततेत गेला. गडचिरोलीत चहा घेतला. टपरीच्या बाजूला झाडीपट्टीच्या नाटकाचा मोठा फलक होता, नायक, खलनायक आणि रडणारी आई. बाबांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मी म्हटलं, "नाटक बघायलाच चाललोय आपण, सुजूच्या घरी." ते हसले नाहीत.

धानोऱ्याच्या पुढे जंगल लागलं आणि थोड्याच वेळात वनविभागाच्या माणसाने गाडी अडवली. पलीकडे रस्त्यालगत हत्ती होते. आमच्या लहानपणी इकडे हत्ती नव्हते. आता छत्तीसगडकडून आले आहेत आणि पुंजणे खातात. थांबण्यावाचून इलाज नव्हता. वनरक्षक बोलका होता.

"कुठी जाऊन राह्यले, काका?"

बाबांनी गावाचं नाव सांगितलं.

"सिस्टरबाईकडे? मोठी चांगली बाई आहे जी. माह्या आईची खोकल्याची दवा तिथूनच आनतो. पुजारी गोड बोलते, पन बाई कडक आहे. दवा नाई घेतली तर सरळ हाकलून देते."

"ते माही पोरगी आहे," बाबा म्हणाले.

वनरक्षकाने एकदम हात जोडले.  रागाने घरातून निघालेल्या माणसाचा वाटेत असा सत्कार होणं त्यांना मुळीच सोसवलं नाही. पुढे रस्ता मोकळा होईपर्यंत ते गाडीत काच वर करून बसले.

सुजूचं गाव

आम्ही येणार हे तिला माहीत होतं. तरी ती घरी नव्हती. शेजारच्या बाईने अंगणात बाज टाकून दिली आणि जंगलाकडे बोट दाखवलं. पुण्याहून बहीण येते, पंचाहत्तरीचा बाप येतो, आणि ही साल आणायला गेलेली! मी बाजेवर बसून कोंबड्या बघत होते आणि मनातल्या मनात भाषण तयार करत होते.

आधी आला तो पुजारी. मंगरू त्याचं नाव. मला वाटलं होतं पांढरे केस, शांत डोळे वगैरे. हा माझ्यापेक्षा थोडाच मोठा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्यावर क्रिकेटची निळी टोपी, तोंडाची टकळी अखंड चालू. "जोहार, जोहार" करत तो बसला आणि बाबा लाइनमन होते हे कळताच त्याने पहिला प्रश्न विचारला तो डीपीबद्दल, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. गावाबाहेरच्या डीपीतून आवाज येतो आणि संध्याकाळी लाइट मंद होतो, काय करावं?

"कसा आवाज येते?" बाबांनी विचारलं.

मंगरूने तोंडाने आवाज काढून दाखवला. बाबांनी त्याला दुरुस्त करून स्वतः काढून दाखवला. "असा? की असा?" दोघं डीपी बघायला निघून गेले. ज्या माणसाच्या तावडीतून मुलगी सोडवायची त्याच्याच खांद्यावर हात टाकून! मी कोंबड्यांकडे बघितलं. त्यांनाही काही वाटलेलं दिसलं नाही.

सुजू आली ती कुड्याच्या सालीचं गाठोडं डोक्यावर घेऊन. वाळली होती, काळवंडली होती, आणि तब्येतीने बरी दिसत होती, हे आणखी चीड आणणारं.

"आलीस ताई? जेवलीस?"

एवढंच. मी तयार केलेलं भाषण बाजूला ठेवून तिचं गाठोडं उतरवायला हात लावला.

रात्रीच्या जेवणाला तिने भात, लाखोळीची डाळ आणि कुठलीशी रानभाजी केली. डाळीत मीठ कमी होतं. जेवताना बाबांनी विषय काढला.

"बावीस प्रतिज्ञा विसरली का तू?"

"नाई बाबा. कोनत्याच देवाच्या पाया पडली नाई मी."

"मंग त्याच्या पूजेले काऊन बसते?"

"बसते."

हे काय उत्तर झालं? मी मध्ये पडले. प्रवासात मी तिच्यासाठी एक चांगलं कारण शोधून ठेवलं होतं, जे बाबांना पचेल आणि मला पुण्यात सांगता येईल. "म्हणजे लोक आजारी पडले की आधी पुजाऱ्याकडेच येतात. म्हणून तू तिथे जाऊन बसलीस. म्हणजे ज्याला दवाखान्याची गरज आहे तो तुझ्या नजरेस पडतो. बरोबर ना?"

"तेही आहे."

"तेही म्हणजे?"

"तेवढंच नाही ताई." ती ताटातला भात बोटाने गोळा करत होती. "वॉर्डात माणूस जायचा तेव्हा मी मशीनकडे बघत असायची. रोज. त्याच्याकडे बघायला वेळच नसायचा. मंगरूदादा आजाऱ्यापाशी बसतात तसं मला बसता येत नाही. ते शिकायचं आहे. झाडपाला शिकायचा आहे. अन् ते डोळे मिटून जे करतात, ते काय आहे ते अजून मला समजलं नाही. समजलं नाही म्हणून खोटं आहे असं मी म्हणणार नाही, अन् खरं आहे असंही नाही."

बाबा ताटावरून उठले. डाळ अर्धी तशीच राहिली.

जंगलात

सकाळी मी हट्टाने सुजू आणि मंगरूबरोबर गेले. म्हटलं, बघू तरी ही कोणती विद्या, जिच्यासाठी पगार, बढती, सगळ्यावर पाणी सोडलं. दंवाने भिजलेल्या गवतातून बराच वेळ चाललो. माझ्या पुण्याच्या बुटांचा तळ एका बाजूने सुटला. मंगरू सगळ्या वाटेत बोलत होता, मागच्या वर्षी पाहिलेल्या नाटकाची गोष्ट, त्यातल्या नायिकेचं गाणं. शेवटी एका बेहड्याच्या झाडापाशी आलो. त्याने टोपी काढली, झाडावर हात ठेवला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आज नाई."

"का?" मी.

"सकाळी बायकोसंग भांडलो. पोटात राग आहे. रागानं साल काढली तर दवा लागत नाई."

आणि आम्ही परत फिरलो. एवढं चालून, बूट फाडून, रिकाम्या हाताने! मी सुजूकडे बघितलं. हीच ती बाई, जी इंजेक्शन पाच मिनिटं उशिरा दिलं म्हणून ज्युनिअर सिस्टरला रडवायची.

"घरी भांडण झालं म्हणून रोग्याने थांबायचं?" मी तिला विचारलं.

"घाईचं असेल तर ते माझ्याकडून काढून घेतात," ती म्हणाली. "मी आज कोणाशी भांडले नाही."

"अजून," मी म्हटलं.

सूप

गावात शिरलो तर मंगरूच्या अंगणात एक मोटारसायकल उभी आणि बाजेवर एक मुलगी पडलेली. सुनीता. बारावीला शिकणारी. तिच्या मामाने तिला आणि तिच्या आईला पलीकडच्या गावाहून आणलं होतं. मुलीचे हातपाय दुखत होते, अंग तापलेलं, आणि छाती भरभर वरखाली होत होती. आई तिचे पाय दाबत होती आणि दाबलं की मुलगी ओरडत होती.

बाबा तिथे आधीच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "सुजू, हे राहुलसारखं आहे," ते म्हणाले. राहुल माझा चुलत भाऊ. सिकलसेलने गेला. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि जागोजागी अडकतात, तो आजार. आमच्या समाजात आहे, गोंडांत आहे, या मुलखात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सुजूने मुलीच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं, बघितलं, आणि उठून टेकाडावर गेली, कारण फोनला रेंज तिथेच येते. परत आली. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन लांब गेली होती.

"आपली गाडी काढ ताई. गडचिरोलीला नेऊ."

"नाई," सुनीताची आई म्हणाली. "पहिले पूजा. देवाचं पाह्यल्याशिवाय मी नेत नाई."

मग बाबांचा स्फोट झाला. "पूजा? पोरीचा जीव चालला अन् पूजा? समजते का तुले काई?" ती बाई घाबरून मुलीला आणखी घट्ट धरून बसली. मामा मोटारसायकलकडे सरकला. सुजूने बाबांना हाताने बाजूला केलं, जसं वॉर्डात नातेवाइकांना करतात तसं.

"बाबा, ओरडू नका. पावसाळ्यात पोरीले जबरदस्तीनं नेलं तर हे लोक धानोऱ्याले उतरून परत घेऊन आले. आई नाई म्हणंन तर पोरगी गाडीत राहणार नाई."

मंगरूने सूप आणलं. त्यात तांदूळ टाकले आणि मांडी घालून बसला. आता तो बोलत नव्हता. डोळे मिटून तांदूळ सुपात फिरवायचा, थांबायचा, दाणे बघायचा, पुन्हा फिरवायचा. मुलीचा श्वास आणि सुपातली ती सरसर, दुसरा आवाज नाही. मी सुजूच्या कानाशी म्हटलं, "किती वेळ?" ती म्हणाली, "संध्याकाळ होईल." मला तिला तिथेच थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच.

ती मंगरूसमोर जाऊन बसली. गोंडीत काहीतरी म्हणाली. तो नाही म्हणाला. मला भाषा येत नाही, पण "नाही" कळतं. पूजा अर्धवट सोडली आणि पोरीला काही झालं तर लोक त्यालाच धरतील, असं नंतर सुजूने सांगितलं. ती पुन्हा बोलली, या वेळी मराठीत, आम्हालाही ऐकू यावं म्हणून असेल.

"दादा, अर्धवट सोडू नका. गाडीत करा."

मंगरूने डोळे उघडले. ओमनीकडे बघितलं.  मग सुनीताच्या आईकडे वळून तो काही म्हणाला आणि ती बाई उठली.

सरकतं दार अडकलं, अर्थातच. बाबांनी लाथ मारून उघडलं. मागच्या सीटवर मुलगी, तिचं डोकं सुजूच्या मांडीवर, पायाशी आई; मामा मागून मोटारसायकलवर. मंगरूने धूर करायला राळ काढली तर सुजू एकदम खेकसली, "धूर नाई! दम लागला तिले." तो वरमला, राळ खिशात टाकली. तो मागे मुलीपाशी खाली बसला, एक हात तिच्या कपाळावर, दुसरा सुनीताच्या आईने घट्ट पकडलेला. मग सूप कोण धरणार?

त्याने ते पुढे केलं. पुढच्या सीटवर बाबा होते.

मी गाडी सुरू करता करता थांबले. बाबा सुपाकडे बघत होते. मागे सुजू मुलीचा श्वास मोजत होती.  मुलगी कण्हली.

बाबांनी सूप घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"दाना पडू देऊ नको, काका," मंगरू म्हणाला.

त्या रस्त्याला रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. मी खड्डे चुकवत होते, दुसरा गिअर पडत नव्हता, आणि मागे मंगरू हळू आवाजात एका सुरात काही म्हणत होता, ते मधेच गाणं वाटायचं आणि मधेच कुणाशी तरी तक्रार केल्यासारखं. सुजू मुलीला सांगत होती, "नाकानं घे, तोंडानं सोड. माह्याकडे पाह्य." धानोऱ्यापर्यंत बाबांनी एकही खांब दाखवला नाही. दोन्ही हातांनी सूप धरून ताठ बसले होते. खड्डा आला की सूप वर उचलायचे.

गडचिरोली

इस्पितळात सुजू धावत आत गेली आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला भरभर इंग्रजीत सगळं सांगितलं, ताप कधीपासून, ऑक्सिजन किती, मागचे रिपोर्ट काय. अगदी जुनी सुजू. मला रडू आलं आणि आपण हिला घरी न्यायला आलो होतो ते आठवून रागही आला. मुलीला ऑक्सिजन लागला, सलाइन लागलं, रक्त द्यावं लागेल म्हणाले. बदल्यात कुणी रक्त द्यावं असं त्यांनी सुचवलं तेव्हा मामा दिसेनासा झाला. मंगरू सुई बघून बाहेर पायरीवर जाऊन बसला. बाबांचं रक्त द्यायचं वय नाही. शेवटी मी दिलं. पुण्याहून मी यासाठी आले होते म्हणायचं.

डॉक्टर तरुण होता. सुजूला म्हणाला, "सिस्टर, आमच्याकडे जागा रिकाम्या आहेत. अर्ज करा ना."

बाबा भिंतीला टेकून उभे होते, ते एकदम सरळ झाले. "करते, करते," त्यांनीच उत्तर दिलं.

"नाही करत, सर," सुजू म्हणाली. "पण आमच्याकडून पेशंट पाठवत जाईन. फोन नंबर द्या तुमचा."

बाबा पुन्हा भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता उठून बसली होती आणि तिला इडली खायची होती. आई तिला भरवत होती. मंगरू दाराशी उभा राहून वॉर्डातल्या सगळ्यांना ती कशी बरी झाली ते सांगत होता. त्याच्या सांगण्यात रक्ताची बाटली होती, पण ओझरती. मी तोंड उघडलं, सुजूने माझा दंड दाबला.

आम्ही निघालो तेव्हा सुजू गेटपर्यंत आली. मी म्हटलं, "चल ना." एवढंच उरलं होतं माझ्या भाषणातलं. तिने "नाही" अशी मान हलवली.

बाबा तिच्यासमोर उभे राहिले. "मी तुले हो म्हननार नाई. आज नाई, कधीच नाई. मरतानाही नाई म्हनन."

"नका म्हणू, बाबा."

"फोन करत जा."

 वैनगंगा ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "हात दुखून राह्यले." मी बघितलं, बोटं अजून थोडी वाकलेलीच होती. व्याहाडला थांबून त्यांना चहा पाजला.

मला पुण्याला येऊन आता दोन महिने होतील. सुनीता गोळ्या घेते आणि परीक्षेला बसणार आहे. सुजूला मंगरूने अजून अर्धी झाडं दाखवलेली नाहीत आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नाही. दर रविवारी ती टेकाडावर चढून बाबांना फोन करते. दोघं कडाकडा भांडतात. मग बाबा मला फोन करून सगळं भांडण पहिल्यापासून ऐकवतात. ते संपलं की सुजू मला तिची बाजू ऐकवते. माझे रविवार गेले. नवरा म्हणतो, उचलू नकोस. मीही वैतागून ठरवलं होतं की आता नाहीच उचलायचा.

परवाच्या रविवारी दुपार उलटली तरी कुणाचाच फोन आला नाही. मी भांडी घासली, कपडे घड्या केले, फोनला चार्जिंग आहे ना ते बघितलं. मग न राहवून बाबांना लावला. लाइन बिझी. सुजूला लावला.

तिचीही बिझी होती.